लुई पाश्चर : स्फटिकांपासून लसीपर्यंत

आपल्या घरी रोज सकाळी येणाऱ्या दुधाच्या पिशवीवर ‘पाश्चराइज्ड’ हा शब्द छापलेला असतो. तो एका माणसाच्या आडनावावरून आला आहे, हे अनेकांना ठाऊक असते. मात्र ज्यांचे हे आडनाव, त्या लुई पाश्चर यांनी ती प्रक्रिया दुधासाठी नव्हे, तर द्राक्षमद्य आंबू नये म्हणून शोधली होती. दुधासाठी तिचा वापर पुढे इतरांनी रूढ केला. दुसरी गोष्ट त्याहूनही कमी जणांना ठाऊक असते. ज्यांनी पिसाळलेल्या कुत्र्याच्या विषावर लस दिली, ते पाश्चर डॉक्टर नव्हतेच. ते रसायनशास्त्रज्ञ होते. रुग्णाला सुई टोचण्याचा कायदेशीर अधिकारही त्यांना नव्हता.

पाश्चर यांचा जन्म २७ डिसेंबर १८२२ रोजी पूर्व फ्रान्समधील डोल या गावी एका कॅथॉलिक कुटुंबात झाला. काही दिवसांतच, जानेवारी १८२३ मध्ये, त्यांचा स्नानसंस्कार झाला. वडील जाँ-जोझेफ हे नेपोलियनच्या सैन्यात सार्जंट होते व शौर्याबद्दल त्यांना सन्मानपदक मिळाले होते. सैन्य विसर्जित झाल्यावर ते आपल्या पिढीजात व्यवसायाकडे, म्हणजे कातडी कमावण्याकडे वळले. पुढे हे कुटुंब आर्ब्वा या द्राक्षमळ्यांनी वेढलेल्या लहान गावी, नदीकाठच्या घरात स्थायिक झाले. घराच्या मागच्या अंगणातच कातडी भिजवण्याचे हौद होते. सोळाव्या वर्षी पाश्चर यांना शिक्षणासाठी पॅरिसला धाडण्यात आले, तेव्हा घराच्या आठवणीने ते इतके झुरले की वडिलांना त्यांना परत आणावे लागले. ज्या दर्पाने परक्या माणसाने नाक दाबले असते, त्या कातड्याच्या वासासाठी हा मुलगा व्याकूळ झाला होता.

शाळेत ते फार हुशार म्हणून गणले जात नसत. चित्रकला मात्र उत्तम होती. तेराव्या वर्षी त्यांनी आईचे रंगीत खडूने काढलेले चित्र आजही पाहायला मिळते. बाजाराला निघालेली, डोक्यावर पांढरी टोपी घातलेली ती साधी बाई त्यांनी जशी दिसली तशी उतरवली आहे. निरीक्षणाची ही सवय पुढे त्यांच्या कामी आली. १८४२ साली विज्ञान पदवीची परीक्षा ते उत्तीर्ण झाले, तेव्हा रसायनशास्त्रात त्यांना ‘सामान्य’ असा शेरा मिळाला होता! त्याच वर्षी पॅरिसच्या एकोल नॉर्माल या नामांकित संस्थेच्या प्रवेश परीक्षेत त्यांची निवड झाली. परंतु आपला क्रमांक खाली आहे म्हणून त्यांनी प्रवेश घेतला नाही. वर्षभर पुन्हा अभ्यास करून, वरचा क्रमांक मिळवून १८४३ साली ते तेथे दाखल झाले. सॉर्बोन विद्यापीठात रसायनशास्त्रज्ञ जाँ-बातिस्त द्यूमा यांची व्याख्याने ऐकण्यासाठी तरुणांची झुंबड उडत असे. त्या गर्दीत पाश्चर असत आणि रसायनशास्त्राची ओढ त्यांना तेथेच लागली.

त्यांचा पहिला शोध हा, माझ्या मते, त्यांच्या साऱ्या कार्यातील सर्वांत देखणा शोध आहे. लसींच्या झगमगाटात तो झाकला जातो, म्हणून तो जरा सविस्तर सांगतो.

द्राक्षमद्याच्या पिंपांत तळाशी खडे जमतात. त्यांपासून टार्टारिक आम्ल मिळते. आपल्या चिंचेला आंबटपणा येतो तो मुख्यतः याच आम्लामुळे. या आम्लाच्या द्रावणातून विशिष्ट प्रकारचा, म्हणजे ध्रुवित केलेला प्रकाश सोडला, तर त्याची पातळी उजवीकडे वळते. परंतु त्याच पिंपांत कधी कधी दुसरे एक आम्ल सापडे. त्याचे रासायनिक घटक अगदी तेच, प्रमाणही तेच. मात्र ते प्रकाश मुळीच वळवत नसे. दोन पदार्थ सर्व बाबतींत सारखे असून एक प्रकाश वळवतो आणि दुसरा नाही, हे कसे? युरोपातील मोठमोठ्या रसायनशास्त्रज्ञांना या कोड्याने चकवले होते.

१८४८ साली पंचविशीतल्या पाश्चर यांनी दुसऱ्या आम्लाच्या क्षाराचे स्फटिक भिंगाखाली धरले. त्यांच्या एका कोपऱ्यावर अगदी लहानसा तिरपा पैलू होता. काही स्फटिकांत तो उजवीकडे झुकलेला होता, तर काहींत डावीकडे. दोन्ही प्रकार एकमेकांची आरशातील प्रतिबिंबे होते. आपल्या दोन हातांना पाहा. दोन्ही सारखेच, तरी उजव्या हाताचा मोजा डाव्या हातात चढत नाही. पाश्चर यांनी चिमट्याने एकेक स्फटिक उचलून दोन ढीग केले. एका ढिगाच्या द्रावणाने प्रकाश उजवीकडे वळला, दुसऱ्याच्या द्रावणाने तेवढाच डावीकडे. दोन्ही समप्रमाणात मिसळल्यावर प्रकाश सरळ गेला. कोडे सुटले होते. आनंदाने ते प्रयोगशाळेबाहेर धावले आणि वाटेत भेटलेल्या सहकाऱ्याला त्यांनी मिठी मारली, असे सांगतात. ज्येष्ठ शास्त्रज्ञ बिओ यांचा मात्र विश्वास बसेना. त्यांनी पाश्चर यांना बोलावून आपल्यासमोर, आपण दिलेल्या रसायनांनी प्रयोग करायला लावला. निकाल पाहिल्यावर त्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या वृद्धाचे मन भरून आले. तेव्हापासून ते पाश्चर यांचे पाठीराखे झाले.

पदार्थाचे अणू अवकाशात कसे मांडलेले आहेत यावर त्याचे गुणधर्म अवलंबून असतात, या विचाराचा पाया येथे घातला गेला. आज औषधांच्या कारखान्यात उजवा रेणू आणि डावा रेणू यांत काटेकोर भेद केला जातो. एक औषध ठरते, तर दुसरा कधी निरुपयोगी, कधी घातकही ठरतो. या शास्त्राचा उगम त्या चिमट्याने वेगळ्या केलेल्या दोन ढिगांत आहे.

ज्या मे महिन्यात हे यश मिळाले, त्याच महिन्यात पाश्चर यांच्या मातोश्री अचानक निवर्तल्या. त्यांची अखेरची भेटही झाली नाही.

पुढच्या वर्षी स्ट्रासबर्ग येथे प्राध्यापक असताना तेथील विद्यापीठप्रमुखांची कन्या मारी लॉराँ हिच्याशी त्यांचा विवाह झाला. पाश्चर यांच्या चरित्रात या बाईंना पुरेशी जागा दिली जात नाही, अशी माझी तक्रार आहे. पती सांगत तसे त्या रात्री बसून लिहून घेत, प्रयोगांची टिपणे नीट उतरवून काढत, न समजलेल्या मुद्द्यावर प्रश्न विचारत. रेशीमकिड्यांवरील संशोधनाच्या काळात तर त्यांनी आणि त्यांच्या मुलीने स्वतः किडे वाढवले. नवऱ्याचा तापट स्वभाव आणि दिवसरात्र प्रयोगशाळेत राहणे त्यांनी सेहेचाळीस वर्षे सांभाळले.

१८५४ साली पाश्चर लील या औद्योगिक शहरात विज्ञान शाखेचे अधिष्ठाते झाले. तेथे बिटापासून मद्यार्क काढणाऱ्या एका कारखानदाराने तक्रार आणली, की त्याचे रस नासत आहेत. पाश्चर सूक्ष्मदर्शक घेऊन त्याच्या पिंपांपाशी गेले. चांगल्या रसात त्यांना यीस्टच्या गोल पेशी दिसल्या. नासलेल्या रसात मात्र लांबट, काडीसारखे सूक्ष्म जीव वळवळत होते. आंबणे ही निव्वळ कुजण्याची रासायनिक क्रिया आहे, असे त्या काळचे थोर जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिग यांचे मत होते. पाश्चर यांनी दाखवून दिले की आंबवण्याचे काम जिवंत सूक्ष्मजीव करतात आणि प्रत्येक प्रकारच्या आंबण्याला वेगळा जीव लागतो. सकाळी उतरवलेली गोड ताडी दुपारपर्यंत फेसाळते आणि पुढे तिचा शिर्का होतो, हे आपल्या किनारपट्टीवरच्या भाविकांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. ते काम कोण करते, हे जगाला पाश्चर यांनी सांगितले. द्राक्षमद्य हवाबंद ठेवून पन्नास ते साठ अंशांपर्यंत तापवले की नासवणारे जंतू मरतात आणि चव बिघडत नाही, हा उपाय त्यांनी १८६५ साली जगापुढे ठेवला.

मग हे जंतू येतात कोठून? नासक्या पदार्थात जीव आपोआप निर्माण होतात, असे मानणारे शास्त्रज्ञ तेव्हा पुष्कळ होते. रूआँ येथील पूशे हे त्यांचे अग्रणी. पाश्चर यांनी हंसाच्या मानेसारखी लांब, वाकडी नळी असलेल्या काचेच्या कुप्या तयार केल्या. त्यात रस उकळून ठेवला. नळीतून हवा आत जाई, धूळ मात्र वाकणात अडकून राही. रस महिनोन्‌महिने स्वच्छ राहिला. मान मोडताच तो काही दिवसांत नासला. १८६० साली ते सीलबंद कुप्या घेऊन डोंगर चढले. जुरा पर्वताच्या पायथ्याशी उघडलेल्या वीस कुप्यांपैकी आठ नासल्या, साडेआठशे मीटर उंचीवर पाच आणि आल्प्समधील हिमनदीवर फक्त एक. हवा जितकी शुद्ध, तितके जंतू कमी.

या वादाला धर्माचा रंग चढला होता. जीव आपोआप होत असेल तर निर्मात्याची गरज काय, असे एक पक्ष म्हणे. म्हणून ख्रिस्ती समाजाने पाश्चर यांच्या विजयाचा जल्लोष केला. पाश्चर स्वतः मात्र सांगत, की आपण प्रयोगशाळेत कोणत्याही बाजूचे मत घेऊन गेलो नव्हतो. येथे प्रामाणिकपणे आणखी एक नोंद केली पाहिजे. पूशे गवताचा काढा वापरत आणि गवतातील काही जंतूंची बीजे उकळूनही मरत नाहीत, हे पंधरा-सोळा वर्षांनी सिद्ध झाले. म्हणजे पूशे यांना जे दिसले ते खोटे नव्हते, त्याचा अर्थ त्यांनी चुकीचा लावला होता.

कीर्ती वाढत असतानाच घरावर आघातामागून आघात होत होते. थोरली मुलगी जान १८५९ साली आर्ब्वा येथे आजोबांकडे असताना विषमज्वराने गेली. ती नऊ वर्षांची होती. १८६५ साली जून महिन्यात वडील गेले आणि सप्टेंबरमध्ये दोन वर्षांची धाकटी कामीय. पुढल्याच वर्षी बारा वर्षांची सेसील, तीही विषमज्वरानेच. पाच मुलांपैकी तीन मुलींना त्यांनी मूठमाती दिली. त्या वेळी ते द्यूमा यांच्या आग्रहाखातर दक्षिणेतील अलेस परिसरात रेशीमकिड्यांच्या साथीवर संशोधन करत होते. हजारो कुटुंबांची चूल त्या किड्यांवर चालत असे. मुलीला पुरून ते पुन्हा तेथेच गेले. जंतू आणि रोग यांचा संबंध आहे, ही खात्री त्यांच्या मनात याच वर्षांत पक्की होत गेली, आणि ज्या रोगाने त्यांच्या दोन मुली नेल्या त्याच्यावर त्यांच्या हाती काहीही नव्हते.

१९ ऑक्टोबर १८६८ रोजी त्यांना पक्षाघाताचा झटका आला. डावी बाजू लुळी पडली. वय होते अवघे पंचेचाळीस. मृत्यू समोर दिसत असतानाही त्यांनी रेशीमकिड्यांविषयीचे एक टिपण अंथरुणातून सांगून लिहून घेतले. तीन महिन्यांत ते कुबडीवजा काठी घेऊन पुन्हा अलेसला निघाले. अंडी घातलेल्या मादीला कुटून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे आणि तिच्यात रोगकण आढळले तर तिची अंडी जाळून टाकायची, ही त्यांची साधी पद्धत रेशीम उद्योगाला तारून गेली. डावा हात मात्र कायमचा निकामी झाला. यानंतरचे त्यांचे सारे मोठे कार्य, अँथ्रॅक्स, कोंबड्यांचा कॉलरा, रेबीज, हे या अर्ध्या शरीराने, सहकाऱ्यांच्या हातांनी झाले आहे.

मे १८८१ मध्ये पुई-ल-फोर या खेड्यात त्यांनी भरसभेत अँथ्रॅक्सच्या लसीची परीक्षा घेतली. पन्नासएक मेंढ्यांपैकी निम्म्यांना लस टोचली आणि ३१ मे रोजी सर्वांना जहाल जंतू टोचले. २ जूनला शेतकरी, पशुवैद्य, पत्रकार असा मोठा जमाव जमला. लस घेतलेल्या मेंढ्या चरत होत्या. बाकीच्या बहुतेक मरून पडल्या होत्या आणि उरलेल्या दिवस मावळेपर्यंत मेल्या. जगभर जयजयकार झाला. पण त्या दिवशी वापरलेली लस, लोक समजत होते त्याप्रमाणे पाश्चर यांच्या स्वतःच्या, प्राणवायूच्या पद्धतीने नव्हे, तर सहकारी शाम्बरलाँ यांनी रसायन वापरून तयार केली होती आणि पाश्चर यांनी ते उघड केले नाही. त्यांच्या खासगी वह्या अभ्यासकांना खुल्या झाल्यावर, विशेषतः १९९५ साली गायसन या इतिहासकाराने लिहिलेल्या ग्रंथानंतर, यावर बरीच चर्चा झाली. आपल्या थोर माणसांना आपण संतांच्या रांगेत बसवण्याची घाई करतो. पाश्चर यांना श्रेयाची हाव होती, प्रतिस्पर्ध्यांशी ते कठोर वागत, हे लपवण्यात अर्थ नाही.

६ जुलै १८८५. अल्सास प्रांतातून एक आई आपल्या नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन पॅरिसला आली. जोझेफ माइस्टर त्याचे नाव. दोन दिवसांपूर्वी पिसाळलेल्या कुत्र्याने त्याला चौदा ठिकाणी चावले होते. पाश्चर यांच्याकडे पिसाळलेल्या सशांच्या मज्जारज्जूपासून केलेली लस होती. तो मज्जारज्जू काचेच्या कुपीत वाळवत ठेवला की त्याचे विष दिवसागणिक मंदावे. कुत्र्यांवर प्रयोग चालू होते, पण पूर्ण झाले नव्हते. त्यांचे निकटचे सहकारी डॉ. रू यांना माणसावर प्रयोग करणे घाईचे वाटत होते. लस दिली आणि मुलगा दगावला तर दोष लसीवर येणार. दिली नाही तर कदाचित अतिशय यातनामय मृत्यू. पाश्चर यांनी व्हुल्पियाँ आणि ग्राँशे या दोन डॉक्टरांचा सल्ला घेतला. दोघांनी मुलाला पाहून लस द्यावी असे सांगितले. त्या संध्याकाळी ग्राँशे यांनी पहिली सुई टोचली. पुढचे दहा दिवस रोज अधिकाधिक जहाल मात्रा देण्यात आली, एकूण तेरा. दिवस पुढे सरत तसतशी पाश्चर यांची झोप उडाली. मुलगा मात्र प्रयोगशाळेतील ससे-कोंबड्यांशी खेळत असे. तो वाचला. ऑक्टोबरमध्ये ज्युपिय नावाचा पंधरा वर्षांचा मेंढपाळ मुलगाही वाचला. लहान मुलांना वाचवण्यासाठी तो कुत्र्याशी झुंजला होता.

नोव्हेंबरमध्ये दहा वर्षांची लुईझ पेल्तिए ही मुलगी आली, ती कुत्रे चावून सदतीस दिवस झाल्यावर. लसीचा उपयोग होणार नाही आणि अपयशाचे खापर आपल्या माथी फुटेल, हे पाश्चर जाणून होते. तरी आईवडिलांची विनवणी त्यांना मोडवली नाही. ती मुलगी दगावली. तिच्या अंथरुणाशी ते बसून होते. तीन मुली गमावलेला बाप आणखी एका मुलीचा हात धरून बसला आहे, हे चित्र मला त्यांच्या सर्व सन्मानांपेक्षा अधिक जवळचे वाटते. टीकाकारांनी अर्थातच त्यांना सोडले नाही.

पुढील मार्चमध्ये रशियातील स्मोलेन्स्कहून पिसाळलेल्या लांडग्याने फाडलेले एकोणीस शेतकरी आले. त्यांपैकी सोळा जण जिवंत परतले. देशोदेशींहून वर्गणी जमली आणि १४ नोव्हेंबर १८८८ रोजी पॅरिसमध्ये पाश्चर इन्स्टिट्यूटचे उद्घाटन झाले.

त्यांच्या श्रद्धेविषयी दोन शब्द लिहिले पाहिजेत, कारण आपल्या प्रवचनांतून त्यांचे नाव वारंवार येते. साध्या शेतकऱ्याच्या श्रद्धेविषयीचे एक वाक्य त्यांच्या तोंडी घातले जाते. त्याला भक्कम आधार नाही. आगगाडीत जपमाळ ओढणाऱ्या वृद्धाची गोष्टही तशीच. ते दर रविवारी मिस्साला जात होते काय, याविषयी त्यांच्या वंशजांतही एकमत नाही. निश्चित सांगता येते ते असे : ते देव मानत, आत्म्याचे अमरत्व मानत. १८८२ साली फ्रेंच अकादमीत प्रवेश करताना, निरीश्वरवादाकडे झुकलेल्या विद्वानांच्या त्या सभेत त्यांनी अनंताच्या कल्पनेपुढे मानवी बुद्धी नतमस्तक होते, असा विचार निर्भयपणे मांडला. अखेरच्या आजारात संत विन्सेंट डी पॉल यांचे चरित्र त्यांना वाचून दाखवले जाई. टाकून दिलेल्या मुलांना आसरा देणाऱ्या त्या संतावर त्यांची प्रीती होती. २८ सप्टेंबर १८९५ रोजी पॅरिसजवळ विलनव-लेतां येथे त्यांनी देह ठेवला. जावयाने लिहिलेल्या चरित्रात नोंद आहे की त्यांचा एक हात पत्नीच्या हातात होता आणि दुसऱ्या हातात क्रूस होता. नोत्र दाम कॅथेड्रलमध्ये शासकीय इतमामात त्यांचा अंत्यविधी झाला.

पुढच्याच वर्षी मुंबईत प्लेगने थैमान घातले. वांद्र्याच्या गल्ल्यांत आजही उभे असलेले कित्येक क्रूस त्या काळच्या ख्रिस्ती कुटुंबांनी साथ हटावी म्हणून उभारले. त्याच वेळी भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजमधील एका खोलीत वाल्देमार हाफकिन प्लेगची लस तयार करत होते आणि जानेवारी १८९७ मध्ये त्यांनी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. हे हाफकिन पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधून आलेले होते. परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटला त्यांचेच नाव आहे. १९०० साली कसौली येथे आणि १९०७ साली कुन्नूर येथे पाश्चर यांच्या नावाच्या संस्था निघाल्या. कुत्रे चावले की पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागतात, ही आपल्या वडीलधाऱ्यांच्या मनातील धास्ती ज्या लसीमुळे होती, ती कसौलीची, मेंढीच्या मेंदूपासून केलेली लस. २००४ च्या अखेरीस भारतात तिचे उत्पादन थांबले आणि आता दंडात थोडीच इंजेक्शने घेऊन भागते.

जोझेफ माइस्टर मोठा झाल्यावर पाश्चर इन्स्टिट्यूटमध्येच द्वारपाल म्हणून राहिला. त्याच इमारतीच्या तळघरात पाश्चर यांची समाधी आहे. भिंतींवर आणि छतावर रंगीत खड्यांनी चित्रे घडवली आहेत : मेंढ्या, ससे, तुतीची पाने, द्राक्षवेल. वर घुमटात चार देवदूत आहेत. तीन श्रद्धा, आशा आणि प्रीती यांचे, चौथा विज्ञानाचा. वेदीच्या पायथ्याशी मारी पाश्चर यांची कबर आहे. १९१० साली त्या वारल्या, तेव्हा त्यांना तेथेच, पतीच्या शेजारी ठेवण्यात आले.